चेरी टोमॅटो : सीमाभागातील इच्छुकांसाठी मार्गदर्शन

मंडईत किलोने मिळणारा टोमॅटो घरी पिकवणं ही काटकसर झाली, आणि काटकसरीला पाहुण्यांत मान नाही. इच्छुकाने चेरी टोमॅटोच लावावा. एकेक फळ दहा-पंधरा ग्रॅमचं. अर्धा किलो टोमॅटोचं सार करायचं तर चाळीसेक फळं लागतात, आणि तेवढी एकदम स्वयंपाकघरात पोचल्याचं बेळगावात अजून कुणी ऐकलेलं नाही. वाटेत नातवंडं असतात.

जूनमध्ये बी टाकण्याचा उत्साह आवरावा. इथल्या पावसात पानं सतत ओली राहतात, करपा येतो आणि श्रावण संपायच्या आत रोपाचे बारा वाजतात. सप्टेंबरअखेर बी टाकावं. महिन्याभरात रोप वीतभर होतं, म्हणजे लावणीला नेमका १ नोव्हेंबर उजाडतो. त्या दिवशी शहरात मराठीजनांची काळ्या दिनाची सायकल फेरीही असते आणि कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूकही. अडचण नाही. लावणी ऊन उतरल्यावरच करायची असते, तोवर फेरीवाले परतलेले असतात आणि मिरवणूकवाल्यांनी कुंडीला उद्याची तारीख द्यावी. माती बेळगावची तांबडी घ्यावी, त्यात भरपूर शेणखत. निपाणीकडची काळी माती कुंडीत पाणी धरून बसते. खालची पानं काढून रोप खोल पुरावं, कारण मातीत गेलेल्या खोडालाही मुळं फुटतात.

निपाणीची माती टाळता येते, निपाणीचे तंबाखूवाले पाहुणे टाळता येत नाहीत. तंबाखू आणि टोमॅटो एकाच वांगीवर्गीय कुळातले, त्यामुळे दुखणीही भाऊबंदकीतली. तंबाखूच्या मोझॅक रोगावर काम करताना इव्हानोव्हस्कीने १८९२ मध्ये आणि बायरिंकने १८९८ मध्ये जे शोधलं, तो जगाला कळलेला पहिला विषाणू. सुकवलेल्या तंबाखूतही तो टिकून राहतो आणि हातावरून टोमॅटोवर जातो. आता काका तळहातावर चुना-तंबाखू मळत गच्चीवर येणार, ‘मरतुकडं दिसतंय की ओ’ म्हणत प्रत्येक पान चिमटीत धरून बघणार. पानं हिरवी-पिवळी, चट्ट्याचट्ट्यांची झाली की औषध नाही, रोप उपटून जाळावं लागतं. म्हणून पाहुण्यांना आधी मोरीत नेऊन साबण द्यावा. जेवायला बसवतोय असं वाटून ते हात नीट धुतात. नंतर खरोखरच जेवायला वाढावं, नाहीतर टोमॅटोपेक्षा नातं आधी वाळतं.

पाणी रोज, बेताचं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गल्लीत त्या दिवशी बादल्या ओतून पुढे सहा दिवस विसरण्याची पद्धत आहे. त्याने फळं तडकतात, मोठ्या जातींची बुडं काळी पडतात. फुलं आल्यावर सकाळी देठाला टिचकी मारावी. फूल आपल्याच परागाने फळतं, पण हलवल्याशिवाय पराग सुटत नाही. गच्चीवर भुंगा फिरकत नसेल तर हे काम आपलं. वरातीच्या डॉल्बीवर विसंबू नये. पिकलेली फळं फ्रिजमध्ये ठेवू नयेत, वास मरतो.

खरा प्रश्न भिंतीचा. हे झाड थांबत नाही. कळकाचा सहा-सात फुटी आधार द्या, बगलेतले फुटवे खुडा, तरी डिसेंबरात एक फांदी कानडी शेजाऱ्यांच्या हद्दीत गेलेलीच असते, आणि पहिलं लाल फळ हमखास तिलाच लागतं. प्रकरण कोर्टात नेण्याचा मोह होईल. टोमॅटो फळ की भाजी, हा वाद न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी १८८७ मध्ये कोर्टात नेला. भाजीवर जकात होती, फळावर नव्हती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९३ मध्ये, म्हणजे सहा वर्षांत, भाजी म्हणून निकाल देऊन टाकला. हे उदाहरण आपल्याला लागू नाही. महाराष्ट्राने सीमेचा दावा २००४ मध्ये दाखल केला आहे.

तेव्हा पलीकडची फळं पलीकडच्यांची, असं भिंतीवर वाकून आपणच आधी म्हणावं. गोडी बघून त्यांनी बी मागितलं तर द्यावं. जात संकरित असेल तर तसं त्याच वेळी सांगावं, कारण पुढच्या वर्षी तसंच फळ येत नाही आणि ठपका आपल्या भाषेवर येतो.