हॉर्सपॉवर नको, लॉग दाखवा

इथेनॉल म्हणजे काय, हे श्रीपूरला कुणी शिकवायला नको. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली, तिचा कारखाना इथे आला आणि अख्खं गाव उसाच्या गाळपाशी बांधलं गेलं. आता तोच ऊस इथेनॉल होऊन पेट्रोलच्या टाकीत उतरलाय. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आज 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. तरीही गाडीला आफ्टरमार्केट ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, बसवणारी पोरं परदेशातल्या पेट्रोलवर बनवलेला मॅप, म्हणजे इंधन किती द्यायचं याचं टेबल, मित्राकडून घेऊन जसाच्या तसा टाकतात. हे थांबायला हवं.

हिशेब साधा आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला 9 किलो पुरते. म्हणजे 20 टक्के मिश्रण असेल तर तेवढ्याच हवेला शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे आठ टक्के इंधन जास्त द्यावं लागतं. संथ चालीत ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो. पण अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की बहुतेक ईसीयू टेबलातल्या आकड्यावर विसंबतात. टेबल जुनं असेल तर हवा-इंधनाचं मिश्रण लीन होतं, म्हणजे इंधन कमी पडतं, आणि सिलिंडर तापतो. त्यात टर्बो असला तर पिस्टनची वाट लागायला वेळ लागत नाही. दोष इथेनॉलचा नाही. त्याचा ऑक्टेन चांगला असतो, नॉकिंग, म्हणजे इंधनाचं अवेळी पेटणं, कमी होतं. दोष मॅपचा आहे.

म्हणून ईसीयू घेताना नावावर जाऊ नका. हॉलटेक, लिंक महाग आहेत. मेगास्क्वर्ट, स्पीडुइनो स्वस्तात येतात. तीन गोष्टी विचारा: वाइडबँड सेन्सर वाचून इंधन आपोआप दुरुस्त होतं का, नॉक सेन्सरला जोडणी आहे का, आणि इथेनॉलचं प्रमाण मोजणारा फ्लेक्स फ्युएल सेन्सर जोडता येतो का. पैसे अपुरे असतील तर वाइडबँड आधी. ट्यूनिंग लॅम्डामध्ये करा, म्हणजे प्रत्यक्ष मिळालेली हवा भागिले पूर्ण ज्वलनाला लागणारी हवा. इंधन कुठलंही असो, पूर्ण ज्वलनाचा लॅम्डा 1 हाच राहतो.

आणि हे काम रात्री अकलूजच्या रस्त्यावर करू नका. हंगामात तिथे बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉल्या असतात. पूर्ण थ्रॉटलला त्या दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. डायनो, म्हणजे गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणारं यंत्र, गाठा. कायदाही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठरवलंय. ट्रॅकची गाडी ट्रॅकवरच चालवा.

ट्यूनर 'वीस हॉर्सपॉवर वाढवून देतो' म्हणाला, तर त्याच्याकडे तिसऱ्या गिअरमधल्या पूर्ण थ्रॉटलचा लॉग मागा: लॅम्डा, इग्निशन टायमिंग, नॉक. तो मिळाला नाही, तर गाडी परत घरी आणा.