शॅटो, पोस्ट कुरकुंभ

फ्रान्समधल्या बोर्दोत वाइनवाड्यांची प्रतवारी १८५५ साली लागली. त्यानंतर तिच्यात गाजलेला फेरबदल एकच: १९७३ मध्ये एका वाड्याला बढती मिळाली. सरकारी फायलीलाही लाज वाटावी असा हा वेग. त्यालाच तिकडे परंपरा म्हणतात.

आमचे काम झटपट. राज्याचे द्राक्षप्रक्रिया धोरण २००१ चे, आणि थोड्याच वर्षांत दौंड तालुक्यातल्या रोटीच्या माळावर विजय मल्ल्यांच्या उद्योगसमूहाचा फ्रेंच धाटणीचा वाडा उभा! शेजारी कुरकुंभची एमआयडीसी, तिथल्या रसायनांचा वास आणि फिरंगाई देवीचे ठाणे. आजूबाजूला ऊस. शिराझच्या वेलीला फ्रान्सात हिवाळाभर झोप मिळते. इथे तिची वर्षातून दोनदा छाटणी, ठिबकवर पाणी आणि ऐन थंडी सरताना तोडणी. सुट्टी नाहीच. म्हणजे नवे सगळे शिवारात, आणि जुने दिसायचे काम तेवढे इमारतीकडे.

पुढे २०१६ मध्ये मल्ल्या विलायतेला गेले, वाइनरी दुसऱ्यांकडे गेली. वेली मात्र राहिल्या. त्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता. पुण्याचे पाहुणे आता शनिवार-रविवारी येतात, पेला गोल फिरवून नाक खुपसतात आणि ‘मातीचा गंध येतोय’ म्हणतात. वारा एमआयडीसीकडून नसला, तर येतही असेल.