ओरिजिनलवाले आप्पा

प्रत्येक गावात एक माणूस असा असतो, की त्याच्यासमोर गाणं वाजवायची सोय नसते. पहिला ठेका पडला, की तो हात वर करतो आणि म्हणतो, "हे उचललेलं हाये." खान्देशातल्या पहूरला हे खातं आप्पांकडे आहे. पेठ आणि कसबे ही गावाची दोन अंगं, मधून वाघूर नदी. हळद कुठल्याही काठाला असो, डीजेच्या गाडीला खेटून टाकलेल्या खुर्चीवर आप्पा हजर. आमंत्रणाची त्यांना गरज नसते, आवाज पोचला की झालं. आणि हल्लीच्या डीजेचा आवाज न पोचण्याइतकं लांब कोणी राहत नाही.

त्यांचं नाव मी सांगत नाही. तुमच्या गावात तुम्ही त्यांना ओळखताच. तिकडे ते बापू, नाना किंवा निवृत्त केंद्रप्रमुख असतील, एवढंच.

साठी ओलांडलेली, पायजमा-शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं नि एक लाल. काखेत किराणा दुकानात असते तसली लांबट वही. उधारीची. ज्याची चाल, ठेका किंवा तुकडा उचलला गेला तो 'जमा' बाजूला. ज्यानं उचलला तो लाल शाईत 'नावे'. जुन्या सिनेमांपासून काल रात्रीच्या रीलपर्यंत हिशेब चालू आहे. पंचमदा म्हणजे आप्पांचं दैवत; पण 'मेहबूबा मेहबूबा'ची चाल डेमिस रूसो या ग्रीक गायकाच्या गाण्यावरून आली, हे कळल्यावर त्यांनी दैवतालाही नावे टाकलं. त्या रात्री जेवले नाहीत, असं घरचे सांगतात. पण नोंद खोडली नाही.

एका वरातीत तर त्यांनी डीजेचा पेन ड्राइव्हच उपटला. नवरदेव घोड्यावर, पोरं दोन्ही हात हवेत घेऊन थिजलेली. "याचं ओरिजिनल सांग, मंग वाजव," आप्पा म्हणाले. डीजेचं वय एकोणीस. तो म्हणाला, "आप्पा, मले यूट्यूबवर भेटलं." आप्पांनी वहीत लिहिलं: यूट्यूब, नावे. मुहूर्त टळून गेला, पण पहूरला मुहूर्त तसाही टळतोच.

हे वेड आलं कुठून, तर स्टँडजवळच्या दुकानातून. तिथं आप्पा कॅसेटी भरून द्यायचे. वहीच्या पानावर गाणी लिहून आणायची, संध्याकाळी साठ मिनिटांची कॅसेट न्यायची. प्रत्येक कॅसेटच्या कागदावर आप्पा सिनेमा, साल, गायक, संगीतकार, गीतकार असं सगळं बारीक अक्षरात लिहीत. गिऱ्हाइकाला नको असलं तरी लिहीत. आता गंमत अशी, की त्या दुकानातली एकूण एक कॅसेट कायद्यानं चोरीची होती. कुठल्याही कंपनीला त्यातला पैसाही गेला नाही. हे कोणी काढलं की आप्पा चष्मा पुसतात. "मी चोरत नव्हतो भो, पोचवत होतो. नाव लिहून पोचवत होतो." वकिलाला हे पटायचं नाही. मला निम्मं पटतं.

त्याच दुकानात त्यांनी आणखी एक उद्योग केला होता. गणपतीच्या मिरवणुकीत पोरांना गाणं नको असायचं, मधला बाँगोचा पीस हवा असायचा, आणि तो तर दहा-बारा सेकंदांत संपायचा. आप्पांनी दोन कप्प्यांचा टेप घेतला. एका बाजूला पीस वाजवायचा, दुसरीकडे भरायचा, पॉझ दाबायचा, मागं फिरवायचं, पुन्हा पॉझ सोडायचा. अशी रात्रभर बोटं झिजवून दहा सेकंदांचा पीस पंधरा मिनिटांचा केला. गावानं डोक्यावर घेतलं. आयुष्यात आपण एक तरी गोष्ट ओरिजिनल केली, अशी आप्पांची ठाम समजूत होती.

ती मोडली पुण्यात शिकणाऱ्या पुतण्यानं. तो कानात बोंडं घालून हिप हॉप ऐकतो. त्यानं सांगितलं, "आप्पा, हे 1973 च्या ऑगस्टमध्येच झालं होतं. न्यूयॉर्कात, ब्राँक्समध्ये. डीजे कूल हर्क म्हणून होता. बहिणीच्या पार्टीत त्यानं एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी दोन टर्नटेबलांवर लावल्या. एकीवरचा ढोलाचा पीस संपला की दुसरीवर तोच पीस चालू. त्यातूनच पुढं हिप हॉप निघालं." आप्पा दोन दिवस दुकानात फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "त्याच्याकडं दोन रेकॉर्डी होत्या. माझ्याकडं एकच कॅसेट होती." वहीत मात्र स्वतःला नावे टाकलेलं मी पाहिलंय.

मग शिकवणी उलटी सुरू झाली. पुतण्या सुट्टीला आला की आप्पा त्याला समोर बसवणार आणि अमेरिकेचा हिशेब मागणार. जेम्स ब्राउन आणि त्याचं फंक. चालीपेक्षा ठेक्याला मोठं मानणारं संगीत, जिथं गिटारसुद्धा ढोलकीसारखी वाजते. 1980 च्या दशकात आवाज साठवणारी यंत्रं आली आणि पोरांनी या जुन्या तबकड्यांतले तुकडे कापून त्यावर आपले बोल चढवले. एसपी-1200 नावाच्या यंत्रात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा. "दहा सेकंदांत?" आप्पा म्हणाले. "दहा सेकंदांत तं आपल्या पीजेचा गार्ड शिट्टी तोंडाकडं नेत नव्हता." पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेर गाडी, 2020 मध्ये बंद पडली, पण पहूरला वेळ अजून तिच्यावरच मोजतात.

एका दुपारी पुतण्यानं ट्रूथ हर्ट्स या गायिकेचं 'अ‍ॅडिक्टिव्ह' लावलं. 2002 चं, अमेरिकेत पहिल्या दहांत पोचलेलं. तीन सेकंदही झाले नसतील, आप्पा खुर्चीतून उठले. "लताबाई! 'ज्योती', 1981, बप्पी लाहिरी!" तो सिनेमा पाहिलेला माणूस शोधून सापडायचा नाही, पण आप्पांनी तो कॅसेटीत भरला होता. डीजे क्विक या तिकडच्या निर्मात्याला म्हणे टीव्हीवर हिंदी सिनेमा लागलेला दिसला आणि त्यानं तिथूनच उचललं. पुढे मूळ गाण्याच्या कंपनीनं दावा लावला, बप्पीदांनीही लावला, आणि बप्पीदांचं नाव छापल्याशिवाय सीडी विकू नका, असं तिथल्या कोर्टानं बजावलं. या कोर्टाबद्दल आप्पांना अतोनात आदर आहे.

पण त्यांचा खरा आनंद वेगळाच. लताबाईंच्या आई, माई मंगेशकर, धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरच्या. "म्हंजे लताबाई खान्देशची नात. आशाबाईबी. वाघूर तापीले भेटते, तापी थाळनेरवरून जाते. आता बोल, अमेरिकेच्या गाण्यात पानी कुठलं?" या गणिताला पुतण्याकडे उत्तर नव्हतं. भूगोलात चूक नाही, हीच अडचण.

त्या उन्हाळ्यात आप्पांनी निम्मं अमेरिकन हिप हॉप खान्देशच्या नावावर जमा केलं. ब्लॅक आइड पीज या गटाचं 2005 चं ग्रॅमी मिळवणारं गाणं घ्या: 'अपराध' आणि 'डॉन' या दोन सिनेमांतले आशाबाईंच्या गाण्यांचे तुकडे त्यात आहेत, संगीत कल्याणजी-आनंदजींचं. आप्पांनी ते आनंदानं लिहायला घेतलं आणि मध्येच थांबले. कारण 'अपराध'मधली ती कुंईकुंई गिटार आणि पितळी वाद्यांचे तडाखे हे मुळात अमेरिकेच्याच फंकचे. म्हणजे शेजारणीनं वाटीभर साखर नेली आणि तीस-पस्तीस वर्षांनी त्याच वाटीत लाडू घालून परत केली. जमा कोणाला धरायचं? ते पान अजून कोरं आहे.

एरिक सर्मनच्या 'रिअ‍ॅक्ट'नं त्यांना सगळ्यात जास्त हसवलं. त्यात 1963 च्या 'ताजमहल'मधल्या कव्वालीचा तुकडा आहे. बाई हिंदीत म्हणते, की एखाद्याला जीव द्यायचीच हौस असेल तर त्याला कोण काय करणार. रॅपरला हिंदीचा गंध नाही. तो छाती काढून सांगतो, ती जे काही म्हणाली तो मीच. आप्पांना ठसका लागला. आता गावात कोणी न वाचता ठरावावर सही केली, की आप्पा म्हणतात, "झाला रिअ‍ॅक्ट."

एकदा त्यांनी अजिंठा मध्ये आणला. रॉबर्ट गिल हा इंग्रज चित्रकार 1844 मध्ये नेमला गेला, वर्षानुवर्षं लेण्यांतल्या चित्रांच्या नकला काढत बसला, आणि त्यातल्या बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. "नकलेचं आयुष्य इतकंच. मूळ पाहा, अजून भिंतीवर." पुतण्या शांतपणे म्हणाला, "पण आप्पा, नकला पाहूनच तं लोकांले लेणी कळली. जेम्स ब्राउनबी मले तसाच कळला." आप्पांनी विषय भरताकडे वळवला. भरतातही ते मूळ शोधतात, वांगी बामणोदची की दुसरीकडची, आणि ज्या घरी जेवायला बसले तिथं मोठ्यानं सांगतात, "हे ओरिजिनल तुमच्या सासूबाईंचं." काकू एकदा वैतागून म्हणाल्या, "जगाचं मूळ सापडलं, यांचंच सापडत नही."

आणि मग आला क्लाइड स्टबलफिल्ड. जेम्स ब्राउनचा ड्रमवाला. 20 नोव्हेंबर 1969 ला 'फंकी ड्रमर' वाजवताना बाकी वाद्यं थांबली आणि याला एकट्याला वीसेक सेकंद मिळाले. तेवढाच तुकडा पुढे हजाराहून जास्त गाण्यांत कापून लावला गेला, पब्लिक एनिमीपासून पुढं कितीतरी. "त्याले काय भेटलं?" आप्पांचा नेहमीचा प्रश्न. उचलणाऱ्यांकडून काही नाही. गाणं कागदोपत्री जेम्स ब्राउनचं; ठेक्याला कायद्यात सहसा वेगळा मालक नसतो, वाजवणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी. आप्पांनी हजार नावे कशी लिहायची म्हणून नवी वही घेतली.

पुढच्याच हळदीत पुतण्यानं तो ठेका मुद्दाम डीजेच्या यादीत घुसवला. पोरं नाचायला लागली आणि आप्पांनी आहेर पुकारणाऱ्याच्या हातातला माइक घेतला. "आता जे ढोल वाजू राह्यले ते क्लाइड स्टबलफिल्ड, मूळ राहनार चॅटनूगा, अमेरिका!" वही घेऊन बसलेल्या पाहुण्यानं आज्ञाधारकपणे नाव लिहिलं आणि ओरडला, "स्टबलफिल्ड भाऊंचा आहेर किती?" आप्पा म्हणाले, "त्याचाच येनं बाकी हाये."

स्टबलफिल्ड 2017 च्या फेब्रुवारीत गेला. त्याच्या कॅन्सरच्या उपचाराचे सुमारे 90 हजार डॉलर प्रिन्स या गायकानं गुपचूप भरले होते. प्रिन्स गेल्यावर ते बाहेर आलं. आप्पांच्या वहीत त्या पानावर जमेची तेवढी एकच नोंद आहे, निळ्या शाईत.

तेव्हा पहूरला लग्न काढणार असाल, तर डीजेला बयाणा देतानाच सगळ्या गाण्यांची यादी मागून घ्या. सिनेमा, साल, संगीतकार, आणि कळलं तर ढोलकीवाला. यादी आप्पांच्या हाती दिलीत, तर वरात तासभर आधी मांडवात पोचेल.