जीपे की कॅश?

शनिवार पेठेतलं कुठलंही औषधांचं दुकान घ्या. चिठ्ठी पुढे सरकते, कात्री पट्टीवरून फिरते, पाकिटावर 'जेवणानंतर' खरडलं जातं. गिऱ्हाइकाला प्रश्न एकच: "जीपे की कॅश?"

हिपॅटायटिस बीच्या एन्टेकाव्हिरवरही तेच 'जेवणानंतर'. ही गोळी घ्यायची मात्र रिकाम्या पोटी. जेवणानंतर दोन तासांनी, पुढच्या खाण्याआधी दोन तास. भरल्या पोटी ती धड अंगी लागत नाही.

अंगी लागतं ते बिल.

हिपॅटायटिस सीवरच्या सोफोसबुव्हिरचा १२ आठवड्यांचा कोर्स अमेरिकेत ८४ हजार डॉलरला होता. २०१४ साली भारतीय कंपन्यांना परवाने मिळाले आणि भाव कोसळला. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात उपचार मोफत. मग आता अडतंय कुठे?

"गोळ्या गरम पडतात हो, सोबत पॅन्टोप्राझोल द्या."

दिली! सोफोसबुव्हिरच्या जोडीला असलेल्या वेलपाटास्वीरला विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. अ‍ॅसिडिटीची गोळी नेमकं तेच कमी करते. साधं अँटासिड घेतलं, तरी मध्ये चार तास हवेत. एक ते चार शटर ओढून बसणाऱ्या पेठेला एक तास जास्त का जड जावा?

टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिटचं कार्बामाझेपिन चालू असेल, तर सोफोसबुव्हिर-वेलपाटास्वीरची रक्तातली पातळीच घसरते. दोन्ही पट्ट्या एकाच पिशवीत गेल्या, तर दोष कुणाचा? पिशवीचा?

हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन घेणाऱ्यांना सोफोसबुव्हिर दिल्यावर ठोके धोकादायक मंदावल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ साली दिला. तिघांना पेसमेकर बसवावा लागला, एक दगावला.

त्याच २०१५ साली आपल्याकडे फार्मसी प्रॅक्टिसचे नियम आले. कुठलं औषध कशाबरोबर चालत नाही, हे रुग्णाला समजावणं फार्मासिस्टचं काम ठरलं. औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं, हा कायदा तर १९४८ चा.

प्रमाणपत्र भिंतीवर आहेच. फार्मासिस्ट कुठे आहे?

"आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?" एवढंच विचारायचंय. पाच सेकंदांचं काम. गुडघ्यासाठी रोज डायक्लोफिनॅक घेणारे आजोबा हिपॅटायटिस बीसाठी टेनोफोविरही घेतात, हे त्यातूनच कळेल. दोन्ही मिळून मूत्रपिंडावर उठू शकतात.

काउंटरवरून विचारत नसतील, तर तुम्हीच सांगा. घरातल्या सगळ्या पट्ट्या, काढे, चूर्णं पिशवीत घाला आणि डॉक्टर व फार्मासिस्ट दोघांसमोर ओता. परस्पर मात्र काहीही बंद करू नका. आणि पट्टी कापताना नाव आणि मुदत आपल्या तुकड्यावर राहिली का, तेवढं बघून घ्या.