कायमचा पत्ताबदल: नवशिक्यांसाठी खात्रीशीर मार्गदर्शक

साइटचा पत्ता कायमचा बदलायला तीन गोष्टी लागतात: जुना पत्ता, नवा पत्ता आणि ‘दोन मिनिटांचं तर काम आहे’ म्हणणारे साहेब. पत्ते मुळात बदलूच नयेत, असं वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 1998 सालीच लिहून ठेवलंय. ते साहेबांच्या वाचनात आलेलं नसतं.

तत्त्व सोपं आहे. जुन्या दुकानाच्या शटरवर ‘आमचे दुकान मागच्या गल्लीत हलवले आहे’ अशी पाटी लावायची. कायमची असेल तर 301 नंबरची, चार दिवसांची असेल तर 302 ची.

अपाची सर्व्हर असेल तर ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ ही फाइल शोधा. नावाच्या सुरुवातीला टिंब असल्यामुळे ती सहसा दिसत नाही. तेव्हा ती नाहीच असं समजून नवी बनवा आणि जुनीवर बिनधास्त चढवा. तीत ‘रिडायरेक्ट 301’, मग जुना रस्ता, मग नवा पत्ता, एवढी एकच ओळ लिहायची. 301 लिहायचं राहिलं तर अपाची निमूटपणे 302 देतं. कुरकुर करायचा त्याचा स्वभाव नाही.

ओळ लिहिली आणि काहीच घडलं नाही? फाइलच्या डोक्यावर काहीतरी अद्वातद्वा टाइप करा. साइट 500 चा एरर देऊन कोसळली तर अभिनंदन, सर्व्हर फाइल वाचतोय. खुशाल चालत राहिली, तर मुख्य कॉन्फिगमध्ये बहुधा ‘अलाउओव्हरराइड नन’ आहे आणि तुमचं लिखाण कुणी उघडूनही पाहिलेलं नाही. (ही चाचणी चालत्या साइटवर भर दुपारी घ्यावी. निकाल साहेबांनाही लगेच कळतो.)

सगळी साइट त्याच डोमेनवरच्या ‘नवीन’ फोल्डरात न्यायचीय? जुन्या रस्त्याच्या जागी नुसती तिरपी रेघ द्या. मग नियम प्रत्येक पानाला लागतो, म्हणजे ‘नवीन’मधल्या पानांनाही, आणि उरलेला रस्ता अपाची इमानदारीत शेवटी जोडतं. पत्ता ‘नवीन/नवीन/नवीन’ असा लांबत जातो आणि वीसेक हेलपाट्यांनंतर क्रोम हात टेकतो.

एन्जिनएक्सला एचटीअ‍ॅक्सेस कळतच नाही. अपाचीहून आलेली मंडळी तरीही ती फाइल भक्तिभावाने सोबत आणतात. इथे सर्व्हर ब्लॉकमध्ये ‘रिटर्न 301’, नवा पत्ता आणि त्याला चिकटून ‘डॉलर रिक्वेस्ट यूआरआय’. हे शेपूट विसरलात की आतल्या पानांचे सगळे वाचक थेट होमपेजवर येऊन पडतात. ‘एन्जिनएक्स वजा टी’ने तपासणं भित्र्यांचं काम. तुम्ही सरळ रीस्टार्ट मारा. अर्धविराम राहिला असेल तर सर्व्हर उठणारच नाही.

आयआयएसवर ‘वेब डॉट कॉन्फिग’ असते. तीत ‘पर्मनंट’ लिहायला विसरू नका, एवढंच.

आता थट्टा बाजूला. ब्राउझर 301 चं उत्तर कॅशेत जपून ठेवतो आणि पुढच्या खेपेला जुन्या पत्त्यावर चौकशीही करत नाही. म्हणून चुकीचा 301 सर्व्हरवर दुरुस्त केला, तरी ज्यांनी तो आधी पाहिलाय ते चुकीच्याच पानावर जात राहतात. तुमच्या इन्कॉग्निटो खिडकीत सगळं झकास दिसतं आणि ग्राहक फोनवर ओरडत असतो. यावर उपाय एकच: आधी 302 लावा, ‘कर्ल वजा आय’ने हेडर मागवून ‘लोकेशन’ची ओळ डोळ्यांनी वाचा, जुनी चार-पाच पानं तपासा आणि मगच 302 चा 301 करा. जिथे फॉर्म भरून पाठवला जातो तिथे 308 वापरा. 301 वर ब्राउझर ‘पोस्ट’चं ‘गेट’ करून टाकतात आणि भरलेली माहिती वाटेतच गळते.

रिडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा, असं गूगल सांगतं. जुनं डोमेन वेगळं असेल तर तेवढा काळ त्याचे पैसेही भरत राहा. ते सुटलं तर ही सगळी मेहनत त्याच दिवशी बंद पडते.