धनादेशाने केलेला दंश

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशावरच्या उपचारांसाठी जगभर ओळखले जातात. २०१३ मध्ये त्यांना दंश झाला तो १,२०० रुपयांच्या धनादेशाचा. रुग्णाला एमआरआयसाठी पाठवलं म्हणून तपासणी केंद्राने कृतज्ञतेने धाडलेली ती ‘फी’. बावस्करांनी थेट मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. केंद्राचंही चुकलंच म्हणा. कट, म्हणजे रुग्ण पाठवल्याचं कमिशन, पाकिटातून द्यायचा असतो. धनादेशाची पारदर्शकता या धंद्याला सोसत नाही.

खरं तर डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेत कमिशन देणं-घेणं दोन्ही निषिद्ध आहे. म्हणजे कट नाहीच. पण २०१७ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयाने ‘आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही’ अशा अर्थाचं होर्डिंग लावलं आणि डॉक्टरांची संघटना दुखावली. फलकावर कुणाचं नाव नव्हतं, तरी बरोब्बर लागलं!

मग राज्य सरकार जागं झालं. कटविरोधी कायद्याचा मसुदा करायला समिती नेमली आणि अध्यक्ष कोण, तर माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित. वैद्यकीय नीतिमत्तेचा प्रश्न पोलिसांकडे सोपवण्यातला प्रामाणिकपणा दाद देण्याजोगा होता. मसुदा झाला, चर्चा झाली. कायदा तेवढा व्हायचा राहिला.

इकडे रुग्णाच्या बिलात कापूस, हातमोजे, सुया यांचा ओळीने हिशेब असतो. कटची ओळ कुठेच नसते. त्यावर जीएसटी मिळाला असता, तर सरकारने तो कायदा एका अधिवेशनात उरकला असता.