सिग्नल तर येतोय!

बाजारात तयार मिळणारी वस्तू घरी बनवण्यासाठी तिच्या चौपट पैसे आणि अख्खा पावसाळा घालवणारे एक गृहस्थ तुमच्याही गल्लीत असणारच. आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या गृहस्थांना सगळे अप्पा म्हणतात. जुन्या टीव्हीच्या रिमोटने कॉम्प्युटरवरची गाणी बदलायची, खुर्चीतून उठायचं नाही, एवढाच त्यांचा संकल्प. त्यापायी अप्पा जेवढे उठले-बसले, तेवढ्यात पायी उज्जैनला जाऊन महाकालाचं दर्शन घेऊन आले असते.

सामान जेल रोडवरून आलं. अवरक्त किरण पकडणारा तीन पायांचा टीएसओपी १७३८, पाच व्होल्ट देणारा ७८एल०५, एक डायोड, एक रेझिस्टर, एक कपॅसिटर आणि कॉम्प्युटरच्या मागच्या नऊ पिनांच्या सीरियल पोर्टात बसणारा प्लग. हे आणि असलं सगळं पोह्यांवरच्या जीरावण मसाल्याच्या रिकाम्या डब्यांत राहायचं. एकदा एका पाहुण्यांनी पोह्यांवर डायोड भुरभुरले, तेव्हा अप्पांना चिंता पडली ती डायोडची.

पहिल्या चाचणीला मी हजर होतो. अप्पांनी बटण दाबलं. कॉम्प्युटर ढिम्म. पलीकडे टीव्हीवर मात्र अप्पांच्या सौभाग्यवती माईंच्या मालिकेतली सासू ऐन शाप देताना गडप झाली आणि सोयाबीनचे भाव सुरू झाले.

"सिग्नल तर येतोय!" अप्पा म्हणाले.

"माझ्या टीव्हीत येतोय," माई म्हणाल्या.

मग अप्पांनी मोबाइलचा कॅमेरा रिमोटच्या टोकासमोर धरला. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा जांभळट ठिपका पडद्यावर लुकलुकला. "बघ भिया, सिग्नल तर येतोय!" तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला, दूधवाल्यालासुद्धा, तो ठिपका दाखवून मगच सोडायचे.

मल्टीमीटर लावला तर सर्किटमध्ये व्होल्टेज शून्य. अप्पांनी सगळे जोड उकलून पुन्हा डाग दिले. तरी शून्य. खरी गोम अशी की या सर्किटला वीज मिळते पोर्टाच्या सातव्या पिनेतून, आणि कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅमने सांगितल्याशिवाय ती पिन व्होल्टेज सोडत नाही. अप्पा प्रोग्रॅम बंद ठेवून व्होल्टेज शोधत होते. हे ध्यानात आल्यावर त्यांना इतका आनंद झाला की हातातलं बटण दाबलं गेलं आणि मालिकेतल्या सुनेच्या जागी क्रिकेट आलं. "सिग्नल तर..." एवढंच बोलले. पुढचं माईंच्या नजरेत विरलं.

पुढचा संशय ट्यूबलाइटवर. हा टीएसओपी सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणारा प्रकाश वेचून घेतो. भरीला ऊन किंवा दिव्यांची फडफड आली की गोंधळतो. झालं, खिडक्यांना चादरी, दिवे बंद. महिनाभर त्या घरात चहा चाचपडत प्यावा लागे. "राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ सिंक्रोट्रॉनमधून अवरक्तापासून क्ष-किरणांपर्यंत सगळा प्रकाश काढतात," अंधारातून अप्पांचा आवाज यायचा, "आणि त्याच इंदुरात मला एक रिमोट पकडता येऊ नये?"

शेवटी पकडला. पण बटण एकदा दाबलं की गाणी चार-चार पुढे. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा लावायला जावं आणि दादा कोंडके उभे राहावेत. कारण तो रिमोट फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीचा. बटण दाबलेलं असेपर्यंत तोच संदेश सुमारे ११४ मिलिसेकंदांनी पुन्हा पुन्हा पाठवतो. अप्पांचा अंगठा जुन्या वळणाचा, दाबला की दाबलाच. प्रोग्रॅमला 'पुन्हा आलेलं ऐकू नकोस' असं बजावल्यावर तेही मिटलं. एक बटण, एक गाणं. मारवा लागला.

अप्पा दोन दिवस तोंड पाडून बसले. तिसऱ्या दिवशी "रेंज जरा वाढवतो" म्हणत सगळं उकलून ठेवलं. तेव्हा मला हा माणूस उमगला. त्यांना गाणी बदलायची नव्हतीच. का बदलत नाहीत, ते हवं होतं. कॉलनीतली पोरं बंद रिमोट घेऊन आली, तर "नवा घ्या" हे शब्द त्यांच्या तोंडून कधी आले नाहीत. सेल काढतील, पत्र्या खरवडतील, पोराच्या हातात मोबाइल देऊन तो जांभळा ठिपका त्यालाच शोधायला लावतील. विज्ञानाच्या तासाला जांभया देणारं कार्टं तिथे श्वास रोखून बसायचं. शिव्या घालायला गेलेला मीही तासभर बसून यायचो, हे कबूल करायला हवं.

गेल्या दिवाळीत पुण्याच्या मुलाने तोंडी हुकूम ऐकणारा स्पीकर पाठवला. मारवा म्हटलं की मारवा. अप्पांनी तो उलटापालटा केला, बुडाची रबरी चकती नखाने चाचपली, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. स्क्रू कुठेच दिसेना. तो ठेवून दिला आणि पेपर वाचत बसले. आठवडाभर पेपरच वाचत होते.

परवा माई कुंपणाशी आल्या. मालिका आता सलग दिसते म्हणाल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तुमच्याकडे काही बिघडलेलं असेल तर पाठवून द्या यांच्याकडे. आणि नसेल, तर बिघडवा."